आदिवासी विद्यार्थ्यांच्या हाती डिजिटल साधने देताना : शिक्षकांसाठी मार्गदर्शन

एका निवासी शाळेच्या संगणक कक्षात आठवीतला एक मुलगा आपल्या पाणवठ्याविषयी चार ओळी लिहीत होता. पहिल्या पावसानंतर रात्रभर ओरडणाऱ्या एका लहान बेडकाचे आपल्या बोलीतले नाव त्याने टाइप केले आणि शब्दाखाली लगेच लाल नागमोडी रेघ उमटली. त्याने क्षणभर त्या रेघेकडे पाहिले, शब्द खोडला आणि तिथे नुसते ‘बेडूक’ असे लिहिले. रेघ गेली. मी त्याच्या मागेच उभी होते. त्याला कोणी टोकले नव्हते, कोणी हसले नव्हते. पण जो शब्द त्याच्या घरात पिढ्यानपिढ्या बोलला गेला, तो यंत्राने चुकीचा ठरवला आणि मुलाने तो निवाडा निमूटपणे मान्य केला. शब्दतपासणी बंद करायला किंवा तो शब्द यंत्राच्या शब्दकोशात जोडायला मला अर्धा मिनिट पुरले असते. मला ते आधी सुचले नव्हते, याची खंत अजून आहे.

आदिवासी समाजांतील मुलांना शिकवणारे शिक्षक, वसतिगृहाचे अधीक्षक आणि स्वयंसेवक यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे. ही मुले तंत्रज्ञान स्वीकारतात का, असे मला वारंवार विचारले जाते. माझा अनुभव असा की, स्वीकाराला फारसा वेळ लागत नाही. साधन हाती आल्यावर आठवड्याभरात मुले ते मोठ्यांपेक्षा सफाईने हाताळू लागतात. मूल त्या साधनात आपली भाषा, आपली माणसे आणि आपले ज्ञान घेऊन शिरते, की ते सारे दाराबाहेर ठेवून शिरते, हे मात्र आपोआप ठरत नाही. साधन कसे बसवले, त्यात कोणती भाषा ठेवली आणि पहिले काम कोणते दिले, यांवर ते अवलंबून असते, आणि या तिन्ही गोष्टी बहुतेक वेळा शिक्षकाच्या हातात असतात.

साधन वाटण्यापूर्वी पाहणी

पेरू देशाने प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप या योजनेखाली ८ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. ग्रामीण भागातील ३१९ प्राथमिक शाळांचा जो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मुलांच्या गणिताच्या आणि भाषेच्या गुणांवर या लॅपटॉपचा काहीही परिणाम आढळला नाही. यंत्रे पोहोचली होती, मुले ती वापरतही होती, पण वर्गातील अध्यापनाशी त्यांची सांगड कशी घालायची, याची ठोस पद्धत शिक्षकांना मिळाली नव्हती. एवढ्या मोठ्या खर्चाचा हा अनुभव समोर असल्यामुळे पहिला आठवडा एकही यंत्र न उघडता पाहणीत घालवावा, असे मी आग्रहाने सांगते.

पाहणी म्हणजे छापील तक्ता भरून घेणे नव्हे. मुलांबरोबर बसून त्यांना विचारावे : घरात फोन कोणाचा आहे, तो दिवसाच्या कोणत्या वेळी घरी असतो, चार्जिंग कुठे होते, रेंज कुठे पकडते, आणि फोन मागितल्यावर कोणाला मिळतो व कोणाला मिळत नाही. रेंजचा नकाशा मुलांकडून काढून घ्यावा, कारण कोणत्या खडकावर उभे राहिले की दोन कांड्या येतात, हे त्यांच्याइतके नेमके कोणत्याही कंपनीच्या नकाशात सापडत नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलींकडून वेगळे बसून घ्यावे. घरात एकच फोन असतो तेव्हा तो बहुधा भावाच्या हाती जातो, आणि शाळेने ‘घरी व्हिडिओ पाहून या’ असा गृहपाठ दिला की मुलीचा गृहपाठ तिथेच थांबतो. ज्या घरी फोन नाही किंवा मिळत नाही, त्या मुलांचे काम शाळेच्या वेळेत, शाळेच्या यंत्रावर पूर्ण होईल, अशीच आखणी सुरुवातीपासून करावी.

याच पाहणीत मुले फोनवर आधीपासून काय करतात, तेही पाहून घ्यावे. बहुतेक ठिकाणी ती आवाजाचे संदेश पाठवतात, गाणी आणि व्हिडिओ एकमेकांना देतात, फोटो काढतात. लिहून पाठवणे त्या मानाने कमी असते. ज्या भाषांची परंपरा मुख्यतः मौखिक आहे, त्यांच्या बाबतीत हे स्वाभाविक आहे, आणि पहिला पाठ आखताना याचा उपयोग करून घेता येतो. टंकलेखनापासून सुरुवात करण्याचा आपला परिपाठ अशा वर्गात मुलाला पहिल्याच दिवशी त्याच्या कच्च्या बाजूवर उभे करतो.

नेट नाही असे धरूनच रचना करावी

नेट येईल तेव्हा येईल, असे मानून आखलेले वर्ग महिन्याभरात बंद पडलेले मी पाहिले आहेत. त्याऐवजी सर्व साहित्य शाळेतच साठवलेले असावे आणि नेट ही अधूनमधून होणारी भर समजावी. लर्निंग इक्वॅलिटी या संस्थेची ‘कोलिब्री’ ही मोफत प्रणाली याच विचाराने तयार झाली आहे. एका संगणकावर किंवा रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर ती बसवावी, त्याला साधा वाय-फाय राउटर जोडावा, आणि वर्गातील फोन वा टॅबलेट त्या राउटरला जोडले की व्हिडिओ, सरावप्रश्न आणि पुस्तके नेटशिवाय उघडतात. कोणत्या मुलाने काय केले याची नोंदही त्याच यंत्रात राहते. ‘किविक्स’ या मोफत सॉफ्टवेअरने वेगवेगळ्या भाषांतील विकिपीडिया एकेका फाइलच्या रूपात उतरवून घेता येतो आणि नंतर नेटशिवाय वाचता येतो. नवे साहित्य आणण्यासाठी महिन्यातून एकदा नेट असलेल्या ठिकाणी पेनड्राइव्ह घेऊन जावे आणि ते काम मोठ्या मुलांवर सोपवावे. काय उतरवायचे, किती जागा लागेल, काय पुसायचे, हे ठरवताना ती फाइल, फोल्डर आणि साठवण या कल्पना पाठ्यपुस्तकापेक्षा पक्क्या शिकतात.

विजेचा हिशेब वेगळा मांडावा. चार्जिंगचे वेळापत्रक कक्षाच्या दारावर लावावे आणि प्रत्येक यंत्रावर क्रमांक टाकावा. ही बाब क्षुल्लक वाटते, पण तास सुरू होताना निम्मी यंत्रे बंद निघाली की त्या दिवशी कोणती निम्मी मुले नुसती बघत बसतील, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते.

भाषा : कळफलक, अक्षरे आणि ती लाल रेघ

यंत्र मुलांपुढे ठेवण्याआधी लेखनाच्या सॉफ्टवेअरमधील शब्दतपासणी आणि फोनमधील आपोआप शब्दबदल या दोन्ही सोयी बंद कराव्यात. पुढे मुलांनी स्वतःच्या भाषेतील शब्दांची यादी जमवली की ते शब्द यंत्राच्या वैयक्तिक शब्दकोशात त्यांच्याच हातून जोडून घ्यावेत. हा पाठ मी आता दरवर्षी मुद्दाम घेते, तेवढ्यापुरती शब्दतपासणी पुन्हा चालू करून. आधी सर्वांना आपापल्या भाषेतील एक शब्द लिहायला सांगते, रेघ उमटू देते, आणि मग विचारते की ही रेघ काय सांगते आहे. ‘शब्द चुकला’ असे उत्तर येते. त्यावर, यंत्राला कोणीतरी काही शब्द शिकवले आहेत आणि तुमचे शब्द शिकवायचे राहून गेले आहेत, एवढेच सांगून ‘शब्दकोशात जोडा’ हा पर्याय दाखवते. रेघ नाहीशी होते, आणि या वेळी शब्द जागेवरच राहतो. त्यानंतर वर्गात जी लगबग उडते, तीत घंटा झालेली कोणाला ऐकू येत नाही.

लिपीचा प्रश्न त्याच्या पुढचा. प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देण्याची जी व्यवस्था आहे, ती म्हणजे युनिकोड, आणि लिपीला तिथे जागा मिळेपर्यंत त्या लिपीतील मजकूर एका यंत्रावरून दुसऱ्यावर धडपणे जात नाही. अमेरिकेतील चेरोकी या आदिवासी समाजाच्या भाषेसाठी सेक्वोया यांनी १८२१ मध्ये पूर्ण केलेली चेरोकी लिपी १९९९ मध्ये युनिकोडमध्ये आली आणि २०१० पासून आयफोनमध्ये मिळू लागली. संताली भाषेसाठी रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये तयार केलेल्या ओल चिकी लिपीला २००८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले, आणि त्यानंतर दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, त्या लिपीतील संताली विकिपीडिया सुरू झाला. गोंडीच्या मसराम लिपीला २०१७ मध्ये आणि गुंजाळा लिपीला २०१८ मध्ये ही जागा मिळाली. ही सनावळी मुलांना सांगण्यासारखी आहे, कारण आपली अक्षरे यंत्रात येण्यामागे आपल्यासारख्याच माणसांची चिकाटी असते, हे तिच्यातून त्यांना दिसते.

प्रत्यक्ष काम असे करावे. समाज कोणत्या लिपीत लिहितो हे आधी विचारावे, कारण एकच भाषा अनेक लिपींत लिहिली जाते : संताली ओल चिकीबरोबर देवनागरी, बंगाली, ओडिया आणि रोमन लिपीतही लिहितात, गोंडी देवनागरीत, तेलुगूत आणि स्वतःच्या लिपींतही. यातील निवड शिक्षकाने करू नये. मुलांच्या घरचे आणि त्या भाषेत लिहिणारे लोक जे सांगतील ते घ्यावे, आणि त्यांच्यात मतभेद असेल तर दोन्ही कळफलक बसवावेत. फोनच्या सेटिंगमधील भाषांच्या यादीत ती भाषा आहे का, ते पाहावे. नसेल तर ‘कीमॅन’ हा मोफत कळफलक दोन हजारांहून अधिक भाषांसाठी उपलब्ध आहे, आणि नसलेल्या भाषेचा कळफलक तयार करण्याचे साधनही त्याच्याबरोबर मिळते. अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसत असतील तर त्या लिपीचा फॉन्ट यंत्रात नाही असे समजावे. गूगलच्या ‘नोटो’ या मोफत फॉन्टसंचात चेरोकी, ओल चिकी, मसराम आणि गुंजाळा या चारही लिपी आहेत. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आदिवासी समाजांनी २००३ मध्ये उभारलेल्या ‘फर्स्टव्हॉइसेस’ या उपक्रमाने तर शंभरावर भाषांचे कळफलक एकाच अ‍ॅपमध्ये आणले आहेत.

जुन्या पद्धतीचे फॉन्ट शाळेच्या संगणकांवर अजूनही आढळतात. त्यांत यंत्राच्या लेखी रोमन अक्षरच असते. फक्त दिसताना त्याला दुसऱ्या लिपीचे रूप चढवलेले असते. त्यामुळे तो मजकूर दुसरीकडे उघडला की अर्थहीन अक्षरांची गर्दी दिसते आणि त्यात काही शोधताही येत नाही. तपासायची सोपी रीत म्हणजे दोन ओळी कॉपी करून फोनच्या संदेशात टाकाव्यात. अक्षरे बदलली तर तो मजकूर युनिकोडमध्ये नाही, आणि त्यात मुलांचे एकही पान साठवू नये.

ध्वनींबाबतही एक सूचना आवश्यक आहे. घसा क्षणभर मिटून उच्चारला जाणारा ध्वनी अनेक आदिवासी भाषांत आहे. हवाईच्या भाषेत त्यासाठी ‘ओकिना’ हे स्वतंत्र अक्षर आहे आणि युनिकोडमध्ये त्यासाठी वेगळे चिन्ह ठरलेले आहे. त्याऐवजी दिसायला तसेच असणारे अवतरणचिन्ह टाइप केले की काही प्रणाली शब्द तिथेच तुटला असे समजतात आणि पुढे तो शोधात सापडत नाही. म्हणून आपल्या भाषेतील असे ध्वनी कोणत्या चिन्हाने लिहायचे, हे पहिल्याच महिन्यात वर्गाने ठरवून भिंतीवर लावावे आणि सर्वांनी तेच चिन्ह वापरावे.

आवाजापासून सुरुवात

पहिले खरे काम म्हणून ध्वनिमुद्रण द्यावे. त्यासाठी साधा फोन पुरतो, लेखनाचे ओझे नसते, आणि मुलाला घरातील वडीलधाऱ्यांकडे विद्यार्थी म्हणून जाता येते. फोन विमान स्थितीवर ठेवावा, म्हणजे मधेच वाजणार नाही. तो बोलणाऱ्या व्यक्तीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला धरावा. जमिनीवर किंवा लाकडी फळीवर ठेवल्यास प्रत्येक हालचालीचा धक्का मुद्रित होतो. वारा असेल तर भिंतीच्या आडोशाला बसावे. सुरुवातीला मुलाने तारीख, भाषेचे नाव आणि विषय स्वतःच्या आवाजात सांगावा. शब्द गोळा करायचे असतील तर प्रत्येक शब्द तीनदा म्हणवून घ्यावा आणि मधे दोन सेकंद थांबावे. बोलणाऱ्या व्यक्तीला मधेच तोडू नये, मुलाने ‘हो, हो’ म्हणण्याऐवजी मानेने होकार द्यावा. ही शेवटची सवय लावायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

मुद्रणाचे स्वरूप निवडताना जागेचा अंदाज ठेवावा. आकार लहान करण्यासाठी न दाबलेली वेव्ह फाइल एका मिनिटाला साधारण ५ एमबी जागा घेते, तर दाबलेली एमपी३ फाइल अर्धा एमबीच्या आसपास बसते. जतन करण्याच्या मुद्रणासाठी पहिले स्वरूप आणि एकमेकांना पाठवण्यासाठी दुसरे वापरावे. फाइलचे नाव तारीख, ठिकाण आणि विषय या क्रमाने द्यावे. ‘नवीन रेकॉर्डिंग १७’ या नावाच्या चाळीस फाइलींतून आजीचा आवाज शोधणे नंतर कोणालाच शक्य होत नाही. सुरुवातीची मुद्रणे तीन मिनिटांच्या आत ठेवावीत, कारण ऐकून उतरवून घेण्यास मुद्रणाच्या अनेकपट वेळ लागतो आणि तासाभराच्या मुद्रणापुढे मूल खचते.

आवाजावर उभे राहिलेले काम किती दूर जाऊ शकते, याची दोन उदाहरणे वर्गात सांगावीत. शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये छत्तीसगडमध्ये सुरू केलेल्या ‘सीजीनेट स्वर’ या सेवेत लोक साध्या फोनवरून गोंडीसारख्या आपल्या भाषेत बातमी वा तक्रार नोंदवतात आणि इतर लोक ती फोनवरच ऐकतात. त्यासाठी लिहिता येण्याची गरज नसते. न्यूझीलंडमधील माओरी समाजाच्या ‘ते हिकू मीडिया’ या संस्थेने यंत्राला माओरी बोलणे समजावे म्हणून समाजातील लोकांना वाक्ये वाचून मुद्रित करण्याचे आवाहन केले, आणि १० दिवसांत सुमारे ३०० तासांचा आवाज जमा झाला. हा साठा बाहेरच्या कंपन्यांच्या हवाली न करता त्यांनी समाजाच्या ताब्यात ठेवला.

परवानगी

एका मुलीने आजीकडून झाडपाल्याची माहिती मुद्रित करायला घेतली होती. चौथ्या वनस्पतीपाशी आजी थांबली आणि म्हणाली, “हे तुला सांगते, त्या फोनला नाही.” मुलीने फोन बंद केला, पालथा घातला आणि ऐकत बसली. दुसऱ्या दिवशी तिच्या वहीत त्या वनस्पतीच्या जागी एवढीच नोंद होती : ‘सांगितले आहे. नोंदवायचे नाही.’ त्या नोंदीला मी पूर्ण गुण दिले, आणि तेव्हापासून ही नोंद आमच्या पद्धतीचा भाग आहे.

आदिवासी ज्ञानाच्या बाबतीत एका व्यक्तीची संमती नेहमीच पुरेशी नसते, कारण काही कथा, गाणी वा उपचार एका कुळाचे, एका वयोगटाचे किंवा एका ऋतूचे असतात. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या आदिवासी लोकांच्या हक्कांच्या जाहीरनाम्यातील ३१वे कलम पारंपरिक ज्ञानावरील समाजाचा हक्क मान्य करते. कॅनडातील फर्स्ट नेशन्स या आदिवासी समाजांनी १९९८ मध्ये आपल्या माहितीसाठी मालकी, नियंत्रण, प्रवेश आणि ताबा ही चार तत्त्वे मांडली. २०१९ मध्ये जगभरच्या आदिवासी अभ्यासकांनी मांडलेली ‘केअर’ तत्त्वे सामूहिक हित, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी आणि नैतिकता यांवर उभी आहेत. ऑस्ट्रेलियातील वारुमुंगू समाजाबरोबर काम करताना तयार झालेल्या ‘मुकुर्तू’ या मोफत संग्रहप्रणालीत तर कोणती वस्तू कोणी पाहावी, हे समाजाच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे ठरवता येते. त्याच देशातील अनेक समाजांत मृत व्यक्तीचे छायाचित्र दाखवणे किंवा आवाज ऐकवणे वर्ज्य असल्याने तेथील संग्रहालये आणि वाहिन्या आधी सूचना देतात.

वर्गासाठी एवढे पुरे : प्रत्येक मुद्रणाआधी मुलाने तीन गोष्टी विचाराव्यात. हे नोंदवू का? हे कोण ऐकू शकेल : फक्त मी, आमचा वर्ग, आपली वस्ती, की सगळे? पुढे तुम्हाला नको वाटले तर कोणाला सांगाल? उत्तरे त्याच मुद्रणात आवाजात घ्यावीत. सही-अंगठ्याच्या कागदापेक्षा हे बोलणाऱ्या व्यक्तीला समजते आणि फाइलपासून वेगळेही होत नाही. कोणी नंतर नकार दिला तर फाइल सर्व प्रतींतून पुसावी आणि पुसल्याचे त्या व्यक्तीला जाऊन सांगावे.

फोटोंची एक तांत्रिक बाब शिक्षकांनाही अनेकदा माहीत नसते. फोनमध्ये ठिकाणाची नोंद चालू असेल तर प्रत्येक फोटोबरोबर तो कुठे काढला, याचे अक्षांश-रेखांश साठवले जातात. दुर्मीळ वनस्पतीचा किंवा पूजास्थानाचा फोटो असा बाहेर गेला की वाट दाखवणारा नकाशाच बाहेर जातो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ही नोंद बंद करावी आणि ती का बंद केली, हे मुलांना समजावून सांगावे.

अभ्यासक्रमाशी सांगड

इथवरचे काम ‘भाषा’ या एका खणात अडकून राहिले, तर गणित-विज्ञानाचे शिक्षक संगणक कक्षाकडे फिरकत नाहीत. म्हणून एक तरी दीर्घ काम मोजमापाचे द्यावे. आमच्या मुलांनी एका झऱ्याच्या कुंडात खुणा केलेली काठी बुडवून दर सोमवारी पाण्याची खोली मोजली आणि ती तक्त्यात भरली. बारा आठवड्यांनी त्या तक्त्याचा आलेख निघाला. शेजारच्या रकान्यात वस्तीतील वृद्ध त्या दिवसांत काय म्हणत होते, तेही आकड्यांइतक्याच काटेकोरपणे लिहिले होते. आलेखाची रेघ कुठे उतरू लागली आणि ‘यंदा लवकर आटणार’ असे वृद्धांनी कधी म्हटले, हे शेजारी शेजारी पाहताना मुलांनी जे प्रश्न विचारले, ते कोणत्याही सरावपुस्तकात नव्हते. सरासरी, प्रमाण, आलेख आणि निरीक्षण हे चारही घटक त्या एका कामात झाले.

माहिती शोधायला शिकवताना भाषेची पायरी वगळू नये. मूल विचार करते घरच्या भाषेत, शाळा बोलते दुसऱ्या भाषेत, आणि नेटवरील मजकूर बहुधा तिसऱ्या भाषेत असतो. प्रश्न आधी घरच्या भाषेत तोंडी मांडावा, मग त्यातील तीन महत्त्वाचे शब्द शाळेच्या भाषेत लिहावेत, आणि मगच शोधावे. मिळालेले उत्तर पुन्हा घरच्या भाषेत शेजारच्याला समजावून सांगितल्याशिवाय वहीत उतरवू देऊ नये. नुसती नक्कल थांबवण्याचा याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

यंत्राकडून भाषांतर किंवा उत्तरे घेण्याचा मोह आता सर्वत्र आहे. भारत सरकारच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये संताली, भिली, मुंडारी आणि गोंडी या भाषांसाठी ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे साधन आणले, आणि अशा साधनांचे स्वागतच करावे. तथापि ज्या भाषेत लिखित मजकूर थोडा आहे, त्या भाषेत यंत्र अधिक चुकते आणि चुकतानाही तितक्याच खात्रीने लिहिते. त्यामुळे यंत्राने दिलेली दहा वाक्ये मुलांनी घरी नेऊन वाचून दाखवावीत आणि घरचे कुठे थबकतात, याची खूण करावी. भाषेचा जाणकार म्हणून येथे आईवडील बोलतात, आणि यंत्र तपासायला बसते ते मूल.

खाती, फॉर्म आणि कळफलकावरचा हात

मुलांची खाती उघडताना सोय म्हणून शिक्षक आपलाच मोबाइल क्रमांक सर्वांसाठी देतात. शिक्षकाची बदली झाली की पडताळणीचा संकेतांक त्याच्या फोनवर जातो आणि मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो. असा अडकलेला अर्ज सोडवायला एका मुलीची अख्खी सुट्टी गेलेली मी पाहिली आहे. क्रमांक घरच्या कोणाचा तरी असावा, आणि परवलीचा शब्द मुलाच्या स्वतःच्या वहीत, घरी ठेवलेला असावा. नावाचे स्पेलिंग सर्व कागदपत्रांवर एकच आहे का, हे अर्जाच्या महिन्यात न पाहता वर्षाच्या सुरुवातीला पाहावे. आदिवासी नावे कागदावर उतरवणाऱ्याने आपल्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली असतात, आणि यंत्राच्या लेखी एका अक्षराचा फरकही दुसरी व्यक्ती ठरवतो. दुरुस्ती करताना घरच्यांच्या उच्चाराला सर्वांत जवळचे रूप कायम करण्याचा प्रयत्न करावा.

एका यंत्रापुढे तिघे बसले की कळफलक एकाच्याच हाती राहतो, आणि तो हात बहुधा मुलग्याचा असतो. दर दहा मिनिटांनी जागा बदलण्याचा नियम करावा आणि घड्याळ पाहण्याचे काम जी सर्वांत कमी बोलते तिला द्यावे. आठवड्यातून दोन तास कक्ष केवळ मुलींसाठी राखावा.

प्रगती कशी पाहावी आणि काम कोणाकडे राहावे

किती तास यंत्र चालू होते, या आकड्यावरून काहीच कळत नाही. मी तीन गोष्टी पाहते : महिन्यात मुलाने स्वतः तयार केलेल्या किती फाइली आहेत आणि नुसत्या पाहिलेल्या किती, त्यांतील एखादी फाइल घरी कोणी ऐकली वा पाहिली का, आणि मूल दुसऱ्या मुलाला काही शिकवताना दिसले का. तिसरी गोष्ट दिसू लागली की माझी मदत कमी करायला मी सुरुवात करते.

वर्षअखेरीस सर्व कामाच्या तीन प्रती कराव्यात. एक शाळेत, एक मुलाकडे आणि एक वस्तीत, जिच्याकडे लोक सहज जाऊ शकतील अशा व्यक्तीपाशी. वस्तीतील प्रत मेमरी कार्डावर द्यावी, आणि त्यातील आवाज तेथील साध्यात साध्या फोनवर वाजतो का, हे तिथेच बसून तपासावे. ज्या मुद्रणांना ‘फक्त आपली वस्ती’ अशी परवानगी मिळाली होती, ती शाळेच्या प्रतीतून त्याच वेळी काढून टाकावीत. कार्डाच्या पाकिटावर आत काय आहे, याची यादी मुलांनी स्वतःच्या हस्ताक्षरात, घरी वाचता येईल त्या लिपीत लिहावी. गेल्या वर्षीच्या पाकिटावर पहिल्या ओळीत त्या बेडकाचे नाव आहे, आणि पुढे कंसात मिनिटे व सेकंद.